सतरा नंबरचे आदर्श रहिवासी

कासमुरीभाऊंचा कर्णा बंद पाडला तो मी. हे पूर्वी मी अभिमानाने सांगत असे. आता नुसतं सांगतो.

जावा बेटावरच्या आमच्या मलांगमध्ये शेजार-मंडळाला एरटे म्हणतात आणि मंडळाच्या अध्यक्षालाही एरटेच म्हणतात. माणूस आणि संस्था यांत भेद करायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यामुळे गटार तुंबलं की लोक शिव्या संस्थेला देतात आणि लागतात त्या माणसाला. कासमुरीभाऊंनी हे पद अर्धं आयुष्य सांभाळलं ते निव्वळ प्रार्थनाघराच्या कर्ण्याच्या जोरावर. सकाळी ते आधी खाकरत. ते खाकरणं ऐकून गल्लीतली मुलं उठत आणि दुधावरची मांजरं पळत. मग घोषणा होई: "रविवारी गटारसफाई आहे. मागच्या वेळी कोण आलं नव्हतं ते मला ठाऊक आहे. त्याच्या बायकोलाही ठाऊक आहे." कुणाची कोंबडी हरवली, कुणाच्या सासूला मूळव्याधीचा त्रास आहे, सगळं कर्ण्यावरून. ही सासू माझी होती. माझं मन कारभारातल्या सुधारणांकडे वळलं ते त्या दिवसापासून.

मी रंगाच्या कंपनीत विक्री खात्यात आहे. भिंतीचे पोपडे झाकायचे कसे, हे लोकांना पटवून सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हा गल्लीही आपण सहज रंगवून काढू असं मला वाटलं. त्यातच 'आधुनिक शेजार' नावाच्या सरकारी शिबिराला मी जाऊन आलो. जेवणानंतर शेवटपर्यंत जागा राहिलेला मी एकटाच, म्हणून मला प्रमाणपत्रही मिळालं. ते मी दिवाणखान्यात लावलं. पुढे कासमुरीभाऊंचा घसा कायमचा बसला आणि मंडळाच्या बैठकीत "प्रमाणपत्रवाल्यालाच करा की" असं कुणीतरी म्हणालं. म्हणणारा हसत होता, पण ठराव झाला.

माझी बायको वुर्यानी हिला मी संध्याकाळी माझी योजना समजावून सांगितली. कर्णा बंद करून सगळं मोबाइलवर आणायचं. सूचना, तक्रारी, दाखले, गटाराच्या पाळ्या, बैठका, सगळं. तिने शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि गटारही मोबाइलवरच साफ होणार का?" पुढे ती काही बोलली नाही, कारण योजनेचं यंत्र तयार करणार होता तिचा धाकटा भाऊ. माझा हा मेहुणा आधी बदकं पाळत असे, मग चष्मे विकत असे, आणि सध्या संगणकात होता. त्याने आठवडाभरात 'दक्ष शेजारी' नावाचं ॲप तयार केलं. ते उघडलं की एक बाई गोड आवाजात म्हणे, "धन्यवाद. आपला अभिप्राय नोंदवला आहे." काही न करता नुसतं उघडलं तरी म्हणे.

घरोघर जाऊन नोंदणी मीच केली. प्रत्येक घराचा एक मोबाइल नंबर, एक फोटो आणि एक मत. समोरच्या मुरसिनाताईंनी फोटो काढून घ्यायला साफ नकार दिला. त्या विधवा, तळणाचा धंदा करतात आणि त्यांची जीभ त्यांच्या कढईइतकीच तापलेली असते. "मेल्यावर काढा हवा तर," त्या म्हणाल्या. शेवटी त्यांच्या जागी त्यांच्या कोंबडीचा फोटो टाकला. हुताबारात म्हणून आमचे एक सुमात्राकडचे बताक जमातीचे गृहस्थ आहेत, बस कंपनीत तपासनीस होते. त्यांचा आवाज असा की त्यांनी कानात सांगितलेलं गुपित दोन गल्ल्यांना कळतं. ते म्हणाले, "सुविग्न्यो, मला काही सांगायचं असेल तर मी खिडकी उघडतो. हे कशाला?" तरी नाव घातलं. सतरा नंबरचे गुनार्दी घराला कुलूप लावून समुद्रापलीकडे बालिकपापानला मुलाकडे राहायला गेले होते. त्यांचा नंबर मी त्यांच्या मुलाच्या जुन्या लग्नपत्रिकेवरून घेतला आणि त्यावर ॲप पाठवून दिलं. एकही घर सुटलं नाही. शंभर टक्के नोंदणी. प्रभाग कार्यालयाने पाठ थोपटली आणि आमच्या यादीवर 'अद्ययावत' असा शिक्का मारून दिला.

मग एकेक सुरू झालं.

ॲपमध्ये एक लाल बटण होतं. चोर, आग, साप असं काही संकट आलं की ते दाबायचं आणि गल्लीतला प्रत्येक मोबाइल भोंग्यासारखा ओरडायचा. पहिल्याच दिवशी हुताबारात मोबाइल मागच्या खिशात ठेवून आरामखुर्चीत बसले. सगळी गल्ली झाडू, पळ्या, काठ्या घेऊन त्यांच्या दारात जमली. ते गाढ झोपले होते आणि त्यांच्या बुडाखाली संकट कोकलत होतं. पुढे लोक त्या बटणाला सरावले. बाक्सोची, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या रश्श्याची, गाडी कोपऱ्यावर आली की कुणीतरी बटण दाबी आणि सगळे वाट्या घेऊन बाहेर पडत. खरोखरचा साप निघाला तेव्हाही सगळे वाट्या घेऊनच आले.

दाखल्यांचंही तसंच. आमच्याकडे एरटेच्या शिफारशीशिवाय माणूस लग्न करू शकत नाही, दुकान टाकू शकत नाही, नीट मरूही शकत नाही. मेहुण्याने कारणांची यादी दिली होती, त्यातलं एक निवडायचं. नऊ नंबरच्या मुलाला लग्नासाठी दाखला हवा होता. त्याचं बोट एक ओळ खाली पडलं आणि माझ्या डिजिटल सहीनिशी त्याच्या दफनाची परवानगी निघाली. मुलीकडच्यांनी ती वाचली. लग्न झालं खरं, पण नवऱ्याचा बाप अजून मला पाहिला की रस्ता ओलांडतो.

बैठक मोबाइलवर घेतली. मी बातिकचा सदरा घालून, केस विंचरून बसलो. हजर तीन. त्यांतल्या एकाच्या घरातलं फक्त छत दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मुरसिनाताईंना मी कारण विचारलं, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, केळ्याची भजी नाहीत, चहा नाही, शेजारणीच्या साडेसाती ऐकायला नाहीत. त्याला बैठक नाही म्हणत, खरडपट्टी म्हणतात. ती मला घरी माझी सून फुकट देते."

या सगळ्यात मला आधार होता तो एकाच माणसाचा. सतरा नंबरचा.

गुनार्दी म्हणजे वीस वर्षं शेजारी राहून ज्याने "हं" याच्यापुढे मजल मारली नव्हती असा माणूस. पण बालिकपापानच्या हवेत काय होतं कोण जाणे, ॲपवर त्यांना कंठ फुटला. माझ्या प्रत्येक सूचनेला उत्तर त्यांचं पहिलं. "सूचना मिळाली. अध्यक्षांचे कष्ट दिसतात." ॲपने गटाराची पाळी त्यांच्यावर टाकली, एकदा नव्हे, दर रविवारी, कारण मेहुण्याच्या यंत्राला सतरा हा आकडा का कोण जाणे आवडत असे. तरी त्यांचं उत्तर नम्र: "फार लांब आहे, येता येत नाही, क्षमस्व. मनाने मी गटारातच आहे." मुरसिनाताईंच्या गुडघ्याची ते चौकशी करत. ताई लिहीत नसत, बोलून पाठवत, आणि गुडघ्यापासून सुरू झालेलं बोलणं सुनेपर्यंत जाई. सतरा नंबर सगळं ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने विचारी, "मग सून काय म्हणाली?" हुताबारातना ते रोज संध्याकाळी रक्तदाबाच्या गोळीची आठवण करत. हुताबारात मला म्हणाले, "वीस वर्षं हा माणूस माझ्याशेजारी मुका बसून होता. आता कळतं, बोलायला त्याला समुद्र मध्ये लागत होता."

मला मात्र त्यांनी एकदा एकट्याला लिहिलं होतं. दफनाच्या दाखल्यानंतरची गोष्ट. गल्लीत मला पाहून लोक अदबीने "अल्ला शांती देवो" म्हणत होते आणि मी घराबाहेर पडेनासा झालो होतो. सतरा नंबरने लिहिलं, "साहेब, नवा धक्का बांधला तेव्हा आमच्याकडे लोक जुन्याच धक्क्यावर रांग लावत. तिथे बोट येत नव्हती तरी लावत. थोडं थांबा." तो मजकूर मी तीनदा वाचला. बालिकपापानला धक्का असेल, बोटी असतील, असं धरून चाललो. मग जिथे तिथे मी सतरा नंबरचा दाखला देऊ लागलो. "गुनार्दींकडे बघा. मैलोगणती दूर, पण मंडळात सर्वांत हजर. याला म्हणतात आदर्श रहिवासी."

लोकांनी ते मनावर घेतलं. एवढंच मला नको होतं.

कासमुरीभाऊंच्या जागी मला मिळालेली उरलेली मुदत संपली. मी फेरनिवडणूक ॲपवर जाहीर केली. उभा राहणार मी एकटाच, मतदान हा केवळ शोभेचा भाग, आणि निकालाच्या दिवशी प्रभाग कार्यालयाचा माणूस बोलावून त्याला आमची आधुनिक लोकशाही दाखवायची, असा बेत होता. आदल्या दिवशी हुताबारातनी सतरा नंबरचं नाव सुचवलं. मला वाटलं, गंमत करतात. मी मोठ्या मनाने ते यादीत घातलं.

सभागृहात पडदा लावला होता. या खेपेला भजी ठेवली होती, म्हणून झाडून सगळी गल्ली आली होती. मेहुण्याच्या यंत्रात मत गुप्त राहण्याची सोय असल्याचं त्याने मला सांगितलं होतं. ती नव्हती. पडद्यावर एकेका घराचा नंबर आणि त्यापुढे त्याचं मत झळकू लागलं. सतरा. सतरा. सतरा. कोंबडीचा फोटो: सतरा. कासमुरीभाऊ: सतरा. मग माझ्या स्वतःच्या घराचा नंबर आला. नोंदणीच्या वेळी माझा मोबाइल दुरुस्तीला होता म्हणून घराचं मत वुर्यानीच्या नंबरावर होतं. सतरा.

मी तिच्याकडे पाहिलं. ती भजं खात होती.

"अहो, मला नवरा परत हवा होता," ती शांतपणे म्हणाली. "सहा महिने घरात एरटे राहतोय."

मला एक मत पडलं. ते सतरा नंबरचं होतं.

अशा वेळी माणसाने खिलाडूपणा दाखवावा असं शिबिरात शिकवलं होतं. मी उभा राहिलो, दोन शब्द बोललो, त्यांतला एक गिळला, आणि नव्या अध्यक्षांना पडद्यावर व्हिडिओ कॉल लावला. कॉल लागला. पडद्यावर आले एक पूर्णपणे अनोळखी गृहस्थ. काळेसावळे, दात पुढे, डोक्यावर टोपी. मागे तिकिटाची खिडकी आणि खिडकीपलीकडे समुद्र.

सगळं सभागृह पडद्याकडे झुकलं. मग हुताबारात म्हणाले, "गुनार्दी फारच बदललाय."

गृहस्थांनी अदबीने मान लववली. त्यांचं नाव दाएंग सिताबा. सलायार बेटावरच्या बोटीच्या धक्क्यावर ते तिकिटं फाडत. बोट सकाळी एक आणि संध्याकाळी एक, मधला सगळा दिवस मोकळा. गुनार्दींनी तो नंबर केव्हाच सोडला होता आणि मोबाइल कंपनीने तो यांना दिला होता.

"पण मग तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं. माझा आवाज चिरकला हे सभागृहात सर्वांनी ऐकलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं, साहेब. 'मी गुनार्दी नाही, मी तुमच्या गल्लीत राहत नाही,' असं लिहिलं. उत्तर आलं, 'धन्यवाद. आपला अभिप्राय नोंदवला आहे.' मला वाटलं, तुमची हरकत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळंच सभागृह हसलं, आणि पडद्यावरचे दाएंग, आपण काय विनोद केला ते न कळून, सौजन्याने हसले. मी हसलो नाही. गल्लीत माझा एकच समर्थक होता आणि तो गल्लीत नव्हता.

प्रभाग कार्यालयाचा माणूस मात्र अजिबात हसला नाही. सरकारी माणूस आपल्या शिक्क्यावर कधीच हसत नाही. त्याने मला दुसऱ्या दिवशी कार्यालयात बोलावलं. निवडणूक रद्द करा, मी म्हणालो, तो आमचा रहिवासीच नाही. कारकून म्हणाला, अद्ययावत यादीत नंबर आहे आणि नंबर त्याचा आहे. मी म्हणालो, नंबर काढून टाका. तो म्हणाला, काढतो, पण अमुक इसम इथे राहत नाही असा एरटेचा दाखला लागतो. मी म्हणालो, देतो आत्ता. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

खरंच, मी कोण होतो? एरटे दाएंग सिताबा होते. म्हणजे दाएंग सिताबांनी, दाएंग सिताबा इथे राहत नाहीत, असा दाखला दाएंग सिताबांच्या सहीने द्यायचा. आणि सही कार्यालयात, समक्ष. ती होईपर्यंत गल्लीतला एकही दाखला निघणार नाही. त्या आठवड्यात गल्लीत एक बारसं, एक दुकान आणि एक दुसरं लग्न अडकलेलं होतं. लोक माझ्या दारावरून जाताना आता काहीच म्हणत नव्हते. ते जास्त वाईट होतं.

शेवटी मी दाएंगना फोन केला. माफी मागण्याची वाक्यं लिहून ठेवली होती. ती वाचायच्या आधीच ते म्हणाले, "येतो की, साहेब. नोकरीला लागल्यापासून लोकांना बोटीत बसवतोय. एकदा आपणही बसून बघावं."

ते आले. आधी बोट, मग जहाज, मग बस. पाठीवर सलायारच्या संत्र्यांची पिशवी, हातात सुक्या मासळीचं बोचकं. त्या बोचक्याचा वास त्यांच्या पुष्कळ आधी गल्लीत शिरला. ते उतरले माझ्याच घरी. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उठून पाहतो तो पाहुणे चड्डीवर, फावडं घेऊन गटारात उभे.

"हे काय, दाएंग?"

"पाळी आहे ना माझी. बऱ्याच चुकल्यात."

मी खाली उतरलो. काय करणार, पाहुणा गटारात आणि यजमान ओट्यावर, हे दिसायला बरं नव्हतं. मग हुताबारात उतरले. मग कासमुरीभाऊ आले आणि बसलेल्या घशाने सूचना देऊ लागले. मुरसिनाताईंनी कढई ओट्यावरच मांडली आणि तळता तळता दाएंगना सुनेची उरलेली हकिकत सांगितली. दाएंगना आधीची सगळी तोंडपाठ होती. दुपारपर्यंत गटार असं वाहू लागलं की त्यात कुणाचीतरी हरवलेली चप्पल आम्हांला मागे टाकून पुढे गेली.

सोमवारी कार्यालयात नवा पेच निघाला. दाएंग सही करतील त्या क्षणी ते एरटे राहणार नाहीत. मग एरटेचा शिक्का कोण मारणार? कारकुनाने बराच विचार केला, वरिष्ठांना विचारून आला, आणि म्हणाला, "आधी शिक्का मारा, मग सही करा. आणि शिक्क्याची शाई वाळायच्या आत." दाएंगनी तसं केलं. शिक्का थोडा तिरका पडला. सही झाल्यावर त्यांनी तो कागद हातात धरून वाचला, की ते आमच्याकडे राहत नाहीत, कधीही राहत नव्हते. जरा वेळ वाचतच राहिले. मग घडी करून कारकुनाला दिला.

"झालं ना, साहेब?" त्यांनी मला विचारलं.

"झालं," मी म्हणालो. मला बरं वाटायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी त्यांची बस होती. मी आणि वुर्यानी त्यांना पोचवायला निघालो, तर कोपऱ्यावर निळी सहाआसनी उभी आणि तिच्यात हुताबारात, कासमुरीभाऊ, मुरसिनाताई, नऊ नंबरचं नवं जोडपं, आणि तिच्यामागे मोटरसायकलींवर उरलेली गल्ली. बस-स्थानकावर आमची एवढी गर्दी झाली की चालकाला वाटलं सगळेच चढणार; तो खूष झाला होता. ताईंनी भज्यांचा डबा उघडला. मंडळाच्या इतिहासात प्रथमच संपूर्ण हजेरी होती आणि मंडळाला अध्यक्ष नव्हता.

हे बोलून दाखवलं ते दाएंगनी. बसच्या पायरीवर उभे राहून ते म्हणाले, "मी गेलो की तुमच्या दाखल्यांवर सही कोण करणार?"

सगळे आपापल्या चपला पाहू लागले. कासमुरीभाऊंनी घशाकडे बोट दाखवलं. हुताबारात, आयुष्यात पहिल्यांदाच, हळू आवाजात म्हणाले की त्यांना रक्तदाब आहे. चालकाने हॉर्न दिला. दाएंग पायरीवरून हलेनात. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काळजी होती की जणू बोट सुटतेय आणि कुणाचं तरी पोर धक्क्यावरच राहिलंय. तेवढ्यात एक हात वर गेला. कुणाचा म्हणून मी पाहिलं, तर बाही माझ्या बातिकच्या सदऱ्याची होती.

वुर्यानीने एक सुस्कारा सोडला. मग म्हणाली, "दाखले दारातच द्यायचे. घरात एरटे आणायचा नाही."

"नाही आणणार."

"आणि बैठकीला भजी," मुरसिनाताई म्हणाल्या.

"भजी," मी म्हणालो.

"आणि तो मेहुणा," हुताबारात म्हणाले.

"तो आता मधमाश्या पाळतोय," मी म्हणालो.

मग हळूहळू हात वर होऊ लागले. ताईंनी भज्यासकट वर केला. नऊ नंबरच्या मुलाने बायकोकडे पाहून केला. वुर्यानीने सगळ्यांत शेवटी, कोपरापर्यंतच. मी बोटाने मोजत होतो आणि बस हलली. साधी बस होती, खिडक्या उघड्या होत्या. मागच्या खिडकीतून दाएंगांचा हात बाहेर आला आणि वळणापर्यंत वरच राहिला. तो निरोपाचा होता की मताचा, कोण जाणे. आणि मंडळाच्या नियमाप्रमाणे बाहेरगावच्या माणसाला मत नसतं.

मी मोजला.